पुरात भिजलेले अल्बम, फोनमधले हजारो फोटो आणि सासूबाईंच्या गोष्टी: सुरुवात कुठून करायची

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. चिपळूणला सासर, 2021च्या पुरात खालच्या कपाटातले अल्बम भिजले आणि वाळून एकमेकांना चिकटले, फोनमधे मुलांचे हजारो फोटो पडलेत जे कोणी उघडत नाही, सासूबाई 78 वर्षांच्या, माहेर त्यांचं मालवणकडचं, त्या बोलतात भरपूर पण कोणी लिहून ठेवत नाही. तुम्ही नोकरी करून दोन मुलं सांभाळता आणि म्हणताय की मला ते स्क्रॅपबुक वगैरे क्रिएटिव्ह काही जमत नाही, मग घरातल्या आठवणी जपायच्या कशा. शिवाय उरलेले जुने फोटो लॅमिनेट करून टाकू का असंही विचारलंय.

माझा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची कामं आता मुलगा बघतो, माझा बराचसा वेळ जुने फोटो स्कॅन करणं, भिजलेले सोडवणं आणि लोकांचे घरगुती अल्बम नीट लावून देणं यात जातो. त्यातून जे कळलंय ते सांगतो, जरा लांबेल.

मला विचाराल तर तुमची खरी अडचण क्रिएटिव्हिटीची अजिबात वाटत नाही आणि वेळेचीही फारशी नाही. चित्रं तुमच्याकडे ढीगभर आहेत, पण त्यांच्याबरोबरचे शब्द कुठेच नोंदलेले नाहीत. लोक माझ्याकडे पिशवीभर फोटो घेऊन येतात, एखादा फोटो इतका सुंदर असतो, नऊवारीतल्या तिघीजणी पडवीत बसलेल्या, मागे सूप टांगलेलं, आणि ह्या कोण असं विचारलं की आलेला माणूस म्हणतो बाबांना माहीत होतं. फाटलेला चेहरा मी कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी उभा करू शकतो, पण नाव कुठून आणणार. म्हणून माझा क्रम लोकांना उलटा वाटतो: आधी सासूबाई, मग अल्बम, शेवटी फोन. अल्बमचं जे व्हायचं होतं ते होऊन गेलंय, आता ते सुके असतील तर अजून काही महिने थांबू शकतात.

आता काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. सासूबाईंना बोलायला आवडतं की मोबाईल समोर धरला की त्या गप्प होतात, त्यांना नीट दिसतं-ऐकू येतं का, घरात जमिनीवरून वगैरे जुनं भांडण आहे का ज्यात त्यांच्या बोलण्याचा कोणी वेगळा अर्थ काढेल, हे मला इथून कळणार नाही. त्यांना आधी सरळ विचारा की तुम्ही सांगता ते मी ठेवून देऊ का. आणि एखादी गोष्ट नको म्हणाल्या तर ती लगेच पुसून टाका, त्यांच्यासमोरच. आणि फॅमिली ग्रुपवर त्यांना न विचारता काहीही टाकू नका. एकदा का त्यांना वाटलं की आपण बोललेलं डोंबिवलीपर्यंत पोचतंय की मग त्या फक्त चांगलं चांगलं तेवढंच सांगतील.

विचारायचं कसं, तर "तुमच्या आठवणी सांगा" असं कधी विचारू नका, त्याला कोणालाच उत्तर देता येत नाही. माणसाचे हात कामात असताना बारीक प्रश्न विचारायचे. मे महिन्यात आमसुलं घालताना, मसाल्याच्या मिरच्या देठताना, फणस सोलताना. लग्न होऊन या घरात आलात तेव्हा चूल कुठल्या बाजूला होती, पाणी कुठल्या विहिरीचं, रात्री दिवा कसला, माहेराहून यायला एसटीत किती वेळ लागायचा, पहिल्या पावसात घर कुठे गळायचं. असं विचारलं की एका प्रश्नातून चार गोष्टी निघतात, आणि तुमचा वेगळा वेळही जात नाही कारण आमसुलं तर घालायचीच आहेत. माझं सगळं म्हणणं खरं तर इतकंच आहे की आठवणी जपायचा वेगळा प्रोजेक्ट काढू नका, घरात जे काम दरवर्षी होणारच आहे त्याला एक नोंद जोडा.

सालं त्यांना आठवणार नाहीत, त्यांना सालं विचारूही नका. आपल्याकडे सगळ्यांना आठवतात अशा घटना असतात त्या धरा. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, चिपळूण भागातल्या त्या वयाच्या माणसांना तो आठवतोच, सासूबाई तेव्हा विशीच्या आसपास असतील. मग लग्न भूकंपाआधी की नंतर, मोठ्या मुलाचा जन्म 72च्या दुष्काळाच्या आधी की नंतर, हा फोटो कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या 1998च्या अलीकडचा की पलीकडचा. अशा दोन-तीन खुणा मिळाल्या की साल बऱ्यापैकी जवळ येतं. कागदांचंही तसंच. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981ला वेगळा झाला, त्यामुळे त्यांच्या माहेरच्या एखाद्या छापील पत्रिकेवर मालवणपुढे जि. रत्नागिरी असेल तर ती बहुतेक त्याआधीची. अंतर्देशीय पत्रावर पत्त्यात पिनकोड असेल तर ते नक्की 15 ऑगस्ट 1972नंतरचं, कारण पिनकोड सुरूच तेव्हा झाला. मुलांना हे शोधून काढायला फार आवडतं, मोठ्याला हे काम देऊन बघा.

नावांबद्दल जरा जास्त सांगतो कारण तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. फोटोमागे "मधली काकू" लिहिलेलं असतं. ती कोणाची मधली काकू, लिहिणारा गेला की ते संपलं. आणि आपल्याकडे लग्नात बायकांची नावं बदलायची, कित्येकदा पहिलं नावसुद्धा, त्यामुळे माहेरच्या फोटोतली एक बाई आणि सासरच्या फोटोतली दुसरी बाई ह्या एकच आहेत हे पुढच्या पिढीला कळायला काही मार्ग राहत नाही. म्हणून प्रत्येक बाईचं माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि वाडी, चारही लिहा. नातं लिहिताना कोणाच्या बाजूने तेही लिहा, म्हणजे "सासूबाईंच्या आईच्या धाकट्या बहीण" असं. लांबलचक दिसतं पण पन्नास वर्षांनी तेच उपयोगी पडतं. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोच्या मागे 4बी किंवा 6बीची मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि दमट हवेत शाई पसरते, ते नको. नंतरच्या रंगीत फोटोंचा कागद मागूनही प्लास्टिकसारखा गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटो पांढऱ्या साध्या कागदाच्या पाकिटात घालून नाव पाकिटावर लिहायचं, पण फोटो आत घालायच्या आधी लिहायचं.

आवाज रेकॉर्ड करायला फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायचा म्हणजे टेबलाची खरखर येत नाही, पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, आणि सुरुवातीला तुम्ही स्वतः तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते म्हणायचं. वीस मिनिटांच्या वर नेऊ नका, वयस्कर माणूस दमतो आणि दुसऱ्या दिवशी टाळायला लागतो. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर तो दिवस सोडून द्या. त्या मालवणीत बोलत असतील तर मधेच प्रमाण मराठीत वळवू नका आणि लिहून काढताना सुधारू नका, "माका कितां" म्हणाल्या तर तसंच लिहा. त्यांच्या बोलण्याची चाल, म्हणी, ओव्या, शिव्यासुद्धा, हे फोटोत येत नाही आणि तुमची मुलं बहुतेक ती बोली बोलणार नाहीत. मला स्वतःला फोटोंपेक्षा ह्या वीस-वीस मिनिटांच्या फायली जास्त मोलाच्या वाटतात, आणि मी फोटोग्राफर असून हे म्हणतोय.

स्वयंपाकाचं एक सांगतो जे मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत असतो. मसाल्याला धणे किती, घावण्याच्या पिठात पाणी किती असं विचारलं की उत्तर एकच, अंदाजाने. तर त्यांना थांबवून मोजायला लावू नका, हात बिघडतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या, प्रत्येक डब्याचं वजन काम सुरू व्हायच्या आधी करा, त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या, आणि नंतर परत डबे वजन करा. जो फरक आला तो त्यांचा अंदाज. असं दोन वेगवेगळ्या वेळी केलं की कळतं की कुठे त्या पक्क्या असतात आणि कुठे त्या दिवशीच्या मिरचीवर ठरवतात, आणि ते दुसरं जास्त महत्त्वाचं, ते वाक्यात लिहून ठेवा. मिरची कुठल्या रंगाची झाली की चुलीवरून उतरवायची, तिरफळाची बी काढायची की नाही, हे ग्रॅममधे येत नाही.

आता क्रिएटिव्हिटी. स्क्रॅपबुक, चकचकीत टेप, स्टिकर हे सगळं बाजूला ठेवा, मला तर ते आवडतही नाही, फोटोंना तो गोंद चांगला नाही. घरात कल्पकता येते ती एकच गोष्ट ठरवून परत परत करण्यातून असं मी बघत आलोय. एक जागा ठरवा, समजा ओटीच्या पायऱ्या, आणि दरवर्षी गणपतीत चाकरमानी येऊन सगळे जमले की त्याच जागेवर, त्याच क्रमाने बसून, समोरच्या ठरलेल्या खुणेवरून एक फोटो. खूण म्हणजे खळ्यातली, म्हणजे अंगणातली, एखादी फरशी किंवा तुळशी वृंदावनाची कड. पहिली तीन वर्षं काही वाटत नाही, सातव्या-आठव्या वर्षी ते फोटो ओळीने लावले की बघणारा हलत नाही तिथून. एक मूल एकेक पायरी खाली सरकत जातं, एक जागा रिकामी होते, मागचा माड वाढतो. यात तुम्हाला फक्त जागा न बदलण्याचा हट्ट धरायचाय.

सासूबाईंच्या माहेराकडे गणपतीवर माटवी बांधतात, म्हणजे वर टांगलेली लाकडी चौकट, तिला रानातली फळं-पानं-फुलं: कवंडाळं, हरणं, शेरवड, तेरडा, सुपारीचे घड, आंब्याचे टाळ. त्यांना विचारून मुलांकडून ती वहीत काढून घ्या, कुठली गोष्ट कोण आणायचं, कुठल्या पाणंदीत मिळायची, आता मिळते का. माहेरच्या घराचा नकाशा पण असाच. त्या सांगणार आणि नातवंड काढणार: इथे पडवी, इथे माजघर, बाळंतिणीची खोली ही, न्हाणी मागच्या दारी, व्हाळ म्हणजे ओढा इकडून. मुलाचं चित्र वेडंवाकडं येईल, येऊ द्या, आजी "असा नाय रे, विहीर हय" म्हणून त्याचा हात धरून दाखवते तेव्हा जे निघतं ते कुठल्या प्रश्नावलीतून निघत नाही. आणि आवारातल्या झाडांचा एक नकाशा नक्की करा. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाला नाव असतं, कोणी शेंदऱ्या, कोणी खोबऱ्या, कोणी साखऱ्या, चवीवरून रंगावरून पडलेलं, आणि हे नाव त्या घरापुरतंच असतं. वादळात झाड पडतं, किंवा रस्त्यात जातं, आणि त्या चवीबरोबर नावही जातं. 3 जून 2020च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडची किती माणसं माझ्याकडे आली, घराचा फोटो शोधायला नव्हे, मागे झाड दिसतंय का ते बघायला.

भिजलेल्या अल्बमांचं आता. आधी हंगाम. हे काम पावसाळ्यात काढू नका, दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतची कोरडी हवा यासाठी सगळ्यात चांगली. फोटोच्या वर जिलेटिनचा थर असतो, बुरशीला तो खाऊच असतो, हवेत ओल साधारण 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्याच्या वरच असते. बुरशी दिसली तर ओल्या कापडाने पुसू नका, थर मऊ होऊन चेहराच निघून येतो. आधी सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळवा, कडक उन्हात नको, मग घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशने हलकेच झाडा. आणि काहीही करायच्या आधी आहे त्या अवस्थेत प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा, फ्लॅश बंद, खिडकीजवळच्या सावलीच्या उजेडात.

चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत. जे फ्रेमच्या काचेला चिकटलेत ते काचेसकट स्कॅन करा, सोडवायच्या भानगडीत पडू नका. वरून पारदर्शक प्लास्टिक आणि खाली गोंदाच्या रेघा असलेले ते 80-90च्या काळातले अल्बम असतील तर दात साफ करायचा धागा येतो तो फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्यायचा, बऱ्याचदा निघतो. एकमेकांना चिकटलेला गठ्ठा मात्र अवघड. ताजं भिजलेलं असताना स्वच्छ पाण्यात ठेवलं की बरेच फोटो सुटतात, म्हणून पुराच्या पहिल्या दोन दिवसांत जे करता येतं ते नंतर येत नाही. पुढे कधी अशी वेळ आलीच आणि तेव्हा वाळवायला जमत नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीझरमधे टाका, गोठलेल्या फोटोला बुरशी लागत नाही, नंतर सवडीने सोडवता येतात. इतकी वर्षं वाळलेल्या गठ्ठ्यात काही सुटतील काही जातील, आधी ज्याचं काही वाटणार नाही असा एखादा घेऊन बघायचं. घरच्या प्रिंटरवर काढलेली इंकजेट प्रिंट असेल तर पाण्यात घालूच नका, शाई निघून जाईल. निगेटिव्ह सापडल्या तर त्या जपा, फोटो खराब झाला तरी त्यातून परत मिळतो. लोक निगेटिव्ह फेकतात आणि फोटो ठेवतात, मला फार वाईट वाटतं.

स्कॅन करताना छोटे फोटो 600 डीपीआयवर करा, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके. जुना 2 बाय 3 इंचाचा फोटो असा स्कॅन केला की 1200 बाय 1800 पिक्सेल मिळतात आणि 4 बाय 6 इंचाची चांगली प्रिंट निघते. मूळ फोटो घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाआधी त्या बदलायच्या. डांबरगोळ्या नकोत. डबा पोटमाळ्यावर नको कारण कौलाखाली उन्हाळ्यात ताप आणि पावसात गळती, बाहेरच्या भिंतीला लागूनही नको, आतल्या भिंतीच्या वरच्या फळीवर ठेवा. आणि तुमच्याकडे 2005लाही पाणी होतं, 2021लाही, काही भागात तर पहिल्या मजल्यापर्यंत, तेव्हा एक पेन ड्राइव्ह पुण्या-मुंबईच्या कुणा नातेवाईकाकडे असलाच पाहिजे. तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या गावात. गूगलवर ठेवत असाल तर ते खातं अधूनमधून उघडत राहा, दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकायचा त्यांचा नियम आहे.

फोनमधल्या हजारोंचं मी एकदम काही करू नका म्हणेन. जुने तसेच राहू देत, आजपासून पुढचं बघा. महिन्याला एक फोटो निवडायचा, घरातल्या सगळ्यांनी मिळून, जेवताना, आणि मुलांचं मतही धरायचं. तो स्टुडिओतून 4 बाय 6 काढून साध्या जाड वहीत, कोपऱ्यांना कागदी कोपरे लावून बसवायचा आणि खाली चार-पाच ओळी, प्रत्येक महिन्याला वेगळ्या माणसाच्या अक्षरात. सासूबाईंचा हात थरथरत असेल तरी त्यांच्याकडून लिहून घ्या. वाढदिवसाचाच फोटो निवडायला पाहिजे असं नाही, बदललेला गॅस, शाळेची नवी चप्पल, पहिल्यांदा नीट जमलेलं घावण, हे चालतं, मला तर हेच जास्त आवडतं. एक लक्षात ठेवा, प्रिंट काढायला फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नका, त्यात लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते आणि फोटो कधी काढला ती आतली तारीख पण पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग जसाच्या तसा जातो.

लॅमिनेशन अजिबात नको. गरम रोलर आणि गोंद फोटोवर कायमचे बसतात, आत ओल राहिली असेल तर ती आतच कोंडते, आणि एकदा केलं की ते कोणालाच, मलाही, सोडवता येत नाही. भिंतीवर लावायचा असेल तर स्कॅनवरून नवी प्रिंट काढून ती लावा, पावसाच्या माऱ्याची भिंत टाळून, आणि फ्रेमवाल्याला सांगा की काच आणि फोटो यांच्यामधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाल, काच टेकता कामा नये.

तुमच्या चिकटलेल्या गठ्ठ्याचा एक फोटो कडेने आणि एक मागच्या बाजूने काढून इथे टाका. कागद जुना फायबरचा आहे की प्लास्टिक कोटिंगचा ते दिसलं की पाण्यात घालायचा की तसाच ठेवायचा ते सांगतो, तोवर हात लावू नका.